तिसऱ्या पायरीखाली

फिटर कालव्याच्या पायऱ्यांपाशी पाटीचा शेवटचा बोल्ट सोडवत होता, तेवढ्यात समोरच्या इस्त्रीच्या दुकानातून बाई रस्ता ओलांडून आली.

"का काढताय ही?"

"बदलतोय, मावशी. आता सगळ्या शहरात एकसारख्या पाट्या. एक रंग, एक अक्षर, एक माप."

सकाळपासून सांगून सांगून हे वाक्य त्याला पाठ झालं होतं. कुणी हरकत घेतली नव्हती. एका म्हाताऱ्यानं तर 'बरं झालं, जुनी दिसायचीही नाही' म्हणून पाठ थोपटली होती. पण ही पाटी काढताना त्यानं वाचलीच नव्हती. आता वाचली. साधा पत्रा, त्यावर हातानं रंगवलेली अक्षरं. जागा पुरली नाही म्हणून ओळींची शेपटं खाली वळलेली.

'इथे तीनच पायऱ्या आहेत. चौथी नाही. वरून कळत नाही. माझ्या मुलालाही कळलं नव्हतं.'

"तुम्ही लिहिलीय?"

"दर वर्षी रंग देते. ऊन खातं हो अक्षरं." बाईनं पदरानं कपाळ पुसलं. "नऊ वर्षं झाली. पाटी लावल्यापासून कुणी गेलं नाही इथं."

फिटरनं खाली बघितलं. कालव्याचं पाणी गढूळ आणि शांत होतं. दोन पायऱ्या कोरड्या, तिसरी जेमतेम भिजलेली. लहान मूलसुद्धा बिनधास्त उतरेल असं दिसत होतं. त्यानं पाना खिशात टाकला आणि साहेबांना फोन लावला.

"साहेब, कालव्याच्या पाटीवर कामाचं लिहिलंय. तिसऱ्या पायरीखाली पायरी नाही म्हणून. तेवढं नव्या पाटीवर..."

"यादीत काय दिलंय?"

"पोहण्यास मनाई."

"मग झालं तर! पोहायचंच नाही म्हटल्यावर पायरीचा प्रश्न येतो कुठे?"

"मग जुनी राहू दे का बाजूला?"

"एका जागेला एकच पाटी, बाबा. नियम काय मी केलाय? मलाही वर फोटो दाखवायचेत." साहेबांचा आवाज काही वाईट नव्हता. "त्या बाईंना म्हणावं, अर्ज द्या."

बाईनं सगळं ऐकलं होतं. "दोन दिले," ती म्हणाली. "चौथी पायरी बांधा म्हणून. पहिल्याला म्हणाले, बघू. दुसऱ्याला म्हणाले, कालवा आमच्या खात्याकडे नाही. म्हणून तर पाटी लिहिली."

फिटरकडे पाना होता, खातं नव्हतं. त्यानं पत्रा उतरवला, हातानंच धूळ झटकली आणि तिच्यापुढे धरला.

"घरी घेऊन जा, मावशी. भंगारात नको जायला."

"घरी कशाला? घरी कोण बुडतंय?"

त्यानं तो अलगद टेम्पोत ठेवला. नवी पाटी काढली, खांबाला लावली, चारही बोल्ट आवळले. पांढरी स्वच्छ पाटी. लाल वर्तुळ, त्यात लाटांवर हात उचललेला काळा माणूस, त्याच्यावरून तिरकी रेघ. बाई बराच वेळ बघत राहिली.

"हा तर पोहतोय."

"त्याच्यावर रेघ मारलीय ना, म्हणजे पोहायचं नाही."

"माझा पोहायला उतरलाच नव्हता," ती म्हणाली. "चप्पल धुवायला उतरला होता."

फिटरनं खिशातून भोकं आखायचं मार्कर काढलं आणि खांबावरच, पाटीच्या खाली, जमेल तेवढ्या ठळक अक्षरांत लिहिलं, 'तिसऱ्या पायरीखाली पायरी नाही'. फोटो काढून पाठवला. त्याला वाटलं होतं, कोण एवढं बघतंय. पाचच मिनिटांत उत्तर आलं. खांबावर अनधिकृत मजकूर. पुसून फोटो पुन्हा पाठवा.

तो खांब धरून फडक्यानं पुसायला लागला. कोरड्यानं निघेना. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून थिनरच्या बाटलीचं झाकण बाईनंच उघडून दिलं.

दुसरा फोटो पास झाला.

तो हत्यारं आवरत होता, एवढ्यात एक जोडपं आलं. सोबत चार-पाच वर्षांची मुलगी, हात आइस्क्रीमनं बरबटलेले. बापानं पाटीकडे बघितलं.

"पोहायला मनाई. आपण कुठे पोहतोय! चल, हात धुऊ."

"तिसरीच्या खाली नाही!" बाई एवढ्या जोरात ओरडली की फिटरच्या हातातला पाना पडला. "तिसरीच्या खाली पाय टाकू नका!"

बापानं मुलीला झटकन वर उचललं. त्यानं पाटीकडे बघितलं, मग बाईकडे.

"असं कुठे लिहिलंय?"

त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. त्यानं खरंच विचारलं होतं. फिटर खाली वाकून पाना शोधत राहिला, समोर पडला होता तरी.

ते लोक गेले. टेम्पोत अजून सव्वीस पाट्या होत्या. इस्त्रीच्या दुकानासमोर एक गिऱ्हाईक कपड्यांचं गाठोडं घेऊन इकडे तिकडे बघत होतं.

"मावशी, दुकानात कुणी आलंय."

"हो."

"जा ना तुम्ही."

"तुम्ही जा," बाई म्हणाली. "मी आहे इथे."

आणि पाण्याकडे पाठ, रस्त्याकडे तोंड करून ती पहिल्या पायरीवर बसली.