पाहुण्याचं पाणी

शेषरावांचे पाय सॅम्युएलने मांडीवर घेतले आणि ओल्या फडक्याने पुसायला लागला. पाय सुजून तुकतुकीत झाले होते. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा.

"राहू दे बे," शेषराव म्हणाले. "पाहुन्यानं पाय पुसा लागते का कोनाचे?"

"मैं काम के लिए आया, बाबा."

सॅम्युएल तेवीस वर्षांचा, केनियातल्या किसुमूचा. तिथे एका गुजराती दुकानदाराकडे काम करता करता तो मोडकंतोडकं हिंदी शिकला होता. त्याच्या चर्चने त्याला आठवडाभराच्या सेवेसाठी पाठवलं होतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या धामणगाव बढे या गावात प्रेमानंद एक लहानसं प्रार्थनाघर चालवत. त्यांनी त्याला आतल्या वस्तीवर, शेषरावांच्या घरी आणून सोडलं. "देवाधर्माचं काही बोलू नकोस," त्यांनी बजावलं, "त्यांना फक्त हात हवेत."

शेषरावांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. डायलिसिससाठी त्यांना सारखं बुलढाण्याला न्यावं लागे. घरात बायको वच्छलाबाई आणि मुलगा दीपक. दोघंही थकून गेली होती.

पहिल्याच संध्याकाळी वच्छलाबाईंनी विचारलं, "इतक्या दूर काऊन आला, बाबा?"

सॅम्युएलला खूप सांगायचं होतं, पण शब्द अपुरे पडले. लहानपणी घरात दोन चादरी होत्या, त्यातली एक आईने शेजाऱ्यांना देऊन टाकली होती, ते त्याला आठवलं. त्याने छातीवर हात ठेवला. "मेरी माँ बोलती, अपने पास दो है तो एक देना. मैं देने को आया."

वच्छलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. दीपक उठला, सॅम्युएलच्या गळ्यातलं ओळखपत्र हातात घेऊन त्याने नाव, देश, रक्तगट सगळं मोठ्याने वाचलं आणि ते अलगद परत सोडलं.

त्या दिवसापासून घर बदललं. घरची माणसं बोअरचं खारट पाणी पीत, सॅम्युएलसाठी मात्र गावातून जार येऊ लागला. डेअरीला जाणाऱ्या दुधातला मोठा पेला त्याच्यापुढे येई. एकदा तो मक्याचं पोतं उचलायला वाकला, तर वच्छलाबाई धावत आल्या.

"तू नको उचलू. तुह्या जीवाले जप."

इतकी माया त्याला परक्या देशात कधी मिळेल असं वाटलं नव्हतं. पण शेषराव खचत चालले होते. डायलिसिसहून परतताना जीपमध्ये त्यांना उलट्या होत. चेहरा राखेसारखा दिसे. दिवसभरात पेलाभर पाणी, तेही घोट घोट. सॅम्युएल त्यांचं डोकं धरून बसे आणि मनातल्या मनात प्रार्थना करी. काही फरक पडत नव्हता. त्याचा काका असाच गेला होता. पुढे काय होणार हे त्याला कळत होतं, आणि आपल्या हातात ओल्या फडक्याशिवाय काही नाही, हेही.

दीपक इलेक्ट्रिशियन होता. मस्कतच्या एका कंपनीत त्याची नोकरी ठरली होती, दोन वर्षांच्या कराराची. बापाच्या आजारपणामुळे त्याने जाणं लांबवलं होतं. आता कंपनीने शेवटचं विचारलं होतं. तो सॅम्युएलला गोठ्यामागे घेऊन गेला.

"मैं जाऊँ क्या, भाई? तू है ना?"

"आप जाओ. अभी मैं इधर है."

"डर नहीं लगता तेरे को?"

सॅम्युएलला प्रश्न नीट कळला नाही. आजारी माणसाजवळ बसायला कसली भीती? "नहीं," तो म्हणाला. "भगवान है."

दीपकने त्याला मिठी मारली आणि खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन निघताना त्याने आईबापांच्या पाया पडून झाल्यावर सॅम्युएलच्याही पायांना हात लावला. सॅम्युएल संकोचून मागे सरला.

मुलगा गेल्यावर शेषराव कोणाशीच बोलेनात. एका दुपारी त्यांनी पाय पुसणाऱ्या सॅम्युएलचा हात धरला.

"तुह्यी माय काय म्हनन रे?"

"वो खुश होगी, बाबा."

शेषरावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "त्या माउलीले मी काय तोंड दाखवू," ते पुटपुटले.

परक्या पोराकडून सेवा घ्यायला त्यांना लाज वाटते, असं सॅम्युएलला वाटलं. तो आणखी हळुवारपणे पाय पुसू लागला.

आठवडा संपला. प्रेमानंद मोटरसायकल घेऊन न्यायला आले. मुंबईहून विमान होतं. सॅम्युएलने शेषरावांच्या कपाळावर हात ठेवला. हा चेहरा पुन्हा दिसणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. शेषरावांनी डोळे उघडले नाहीत.

तो मागच्या सीटवर बसला तेव्हा वच्छलाबाई अंगणात आल्या. त्यांनी त्याच्या गालांवरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलांवर मोडली. आठवड्यात पहिल्यांदाच त्या हसत होत्या.

"सोमवारी उपाशीपोटी येजो, बाबा. डाक्टरनं तसंच सांगतलं हाय."

सॅम्युएलने न समजून प्रेमानंदांकडे पाहिलं. प्रेमानंदांनी चालू केलेली गाडी बंद केली.

"कशाचा सोमवार, वच्छलाबाई? हा तर आज त्याच्या देशाला चालला."

वच्छलाबाईंनी सॅम्युएलचा खांदा धरला.

"असं कसं, दादा? दीपकची किडनी जुळली होती, पन यानं आपली एक देतो म्हनलं म्हनून तं आम्ही त्याले जाऊ देल्लं."