सतरा नंबरचा नळ

टेबलावर कबुलीपत्र आधीच टाइप करून ठेवलेलं होतं. नाव, वर्ग, तारीख, सगळं भरलेलं. फक्त सही राहिली होती. चौकशी समितीतल्या तरुण प्राध्यापकांनी ते मुलीपुढे सरकवलं आणि पेन उघडून त्यावर ठेवलं. समजुतीच्या सुरात त्यांनी सांगितलं की प्रकल्प रद्द होईल, पुढच्या वर्षी नवा करता येईल, उगाच ताणण्यात अर्थ नाही. संगणकाने दोन प्रकल्प ताडून पाहिले होते. ब्याण्णव टक्के मजकूर एकच निघाला होता, आणि हॉस्टेलवर तिच्याच खोलीत राहणारी मैत्रीण एक दिवस आधी प्रकल्प देऊन मोकळी झाली होती. मागून आलेला प्रकल्प नकलेचा, असं समिती धरून चालली होती.

आपण नक्कल केलेली नाही हे मुलीने दोनदा सांगून पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा आवाज मध्येच बसला होता. तिने पेन उचललं.

"थांब," शेजारी बसलेली आई म्हणाली.

आई बसकंडक्टर होती. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात गणवेशातच आली होती. वीस वर्षं भरल्या बसमध्ये मागच्या दारापर्यंत आवाज पोचवायची सवय, त्यामुळे तिचं साधं बोलणंही त्या खोलीला मोठं झालं. तिची स्वतःची एकदा खात्याकडून चौकशी झालेली होती. पुरावा पाहिल्याशिवाय कबुली द्यायची नसते, एवढं त्यातून ती पक्कं शिकली होती.

तिने पांढऱ्या केसांच्या अध्यक्षबाईंकडे पाहिलं. "मॅडम, त्या दुसऱ्या मुलीचा प्रकल्प माझ्या लेकीने अजून बघितलेला नाही. बघायचा हक्क आहे ना तिला?"

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. हक्क आहे, त्या म्हणाल्या, आणि दाखवायला हवा होता; ते आमच्याकडून राहिलं. त्यांनी दोन्ही प्रती मागवून घेतल्या.

मुलीने गळक्या सार्वजनिक नळांची पाहणी केली होती. चाळीस नळ. प्रत्येकाखाली मोजपात्र धरून एक मिनिटभर पाणी मोजायचं आणि आकडा लिहायचा. आता मैत्रिणीच्या प्रतीत तिला आपलेच आकडे दिसत होते, आपलीच वाक्यं, आपल्याच स्वल्पविरामांच्या चुका. ती ओळीवर बोट ठेवून वाचत गेली. तक्त्यातल्या सतराव्या नळापाशी बोट थांबलं.

"मॅडम, एवढं वाचता का?"

ठिकाणाच्या रकान्यात लिहिलं होतं: आईच्या डेपोतला नळ, वायसर गेलेला. पाहणी करताना तिने स्वतःच्या सोयीसाठी केलेली नोंद, नीट करायची राहून गेलेली. ती दोन्ही प्रतींत अक्षरशः तशीच होती.

तरुण प्राध्यापकांनीही ती वाचली. मग त्यांची नजर आईच्या खिशावरच्या डेपोच्या बिल्ल्याकडे गेली.

"वायसर अजून बदललेला नाही," आई म्हणाली.

प्राध्यापकांनी कबुलीपत्र उचलून फाडून टाकलं. मुलगी आता उठून जाऊ शकली असती. ती उठली नाही.

"फाइल मीच तिला दिली होती," ती म्हणाली.

आईने चटकन मान वळवली. हे तिलाही नवीन होतं. मुलीने मग सगळं सांगितलं. मैत्रीण तीन आठवडे तापाने आजारी होती, प्रकल्पाचं काहीच झालं नव्हतं, कसं लिहायचं ते नुसतं बघते म्हणाली होती. आपलं काम दुसऱ्याला द्यायचं नाही हा नियम मात्र आपल्याला माहीत होता, हेही तिने सांगितलं. या वेळी तिचा आवाज बसला नाही.

अध्यक्षबाईंनी ऐकून घेतलं. प्रकल्प तिचाच आहे आणि तो मान्य होईल, असं त्या म्हणाल्या. फाइल दिल्याबद्दल पाच गुण जातील आणि लेखी समज मिळेल. नवा कागद तिच्यासमोर लिहिला गेला. तिने तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि सही केली.

बाहेर व्हरांड्यात येताच ती भिंतीलगतच्या बाकावर बसली, अर्धी बाटली पाणी एका दमात प्यायली आणि एकदम हसायला लागली. तीन दिवसांत पहिल्यांदाच छातीवरचं ओझं उतरलं होतं. आईने शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"पाच मार्क गेले गं."

"गेले."

"जाऊ देत."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला मैत्रीण बसली होती. आजारपणातून अजून पुरती सावरलेली नव्हती. कुडता अंगावर लोंबत होता. आईचा आवाज दारातून बाहेर येत होता, तेव्हा तिने सगळं ऐकलेलं असणार. तिने मान वर केली नाही.

क्लार्कने दार उघडून तिला आत बोलावलं. सोबत कोणी आहे का, एकाला आत येता येतं, असं त्याने विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली. घरचे लांब होते, आणि तिने त्यांना काही कळवलंच नव्हतं.

तिला काय काय सुनवायचं हे मुलीने तीन दिवस मनात घोळवलं होतं. त्यातलं काहीच तोंडून बाहेर पडलं नाही.

"खरं काय ते सांग," ती म्हणाली. "पण वाचल्याशिवाय सही करू नकोस."

आईने घड्याळ पाहिलं. डेपोत फोन लावला आणि आपली पुढची फेरी दुसऱ्या कोणाला तरी द्यायला सांगितली. मग ती उठली. व्हरांडा अरुंद होता. दाराकडे जायचं तर लेकीसमोरूनच जावं लागणार होतं. ती तिच्यासमोर येऊन थांबली. हिच्यासोबत आत जाऊ का, असं तिने नजरेनेच विचारलं.

लेकीने पाय बाकाखाली ओढून घेतले.