तेरा माणसं

चारशे सत्त्याऐंशी. मोतीराम मास्तरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्या पानापासून बेरीज केली. तेवढीच आली.

हिवरवाडीला स्वतःची ग्रामपंचायत मिळायला पाचशे माणसं हवी होती. आजवर वाडी जानेफळच्या वाटेवरच्या एका मोठ्या गावाला जोडलेली होती. नळयोजना आली आणि त्या गावातच संपली. वाडीच्या बाया अजून नाल्यातल्या झिऱ्यावरून पाणी आणत. मास्तरांना निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती. डोळे मिटायच्या आत दारात नळ पाहावा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

आठ दिवस ते दारोदार फिरले. सोबत जानराव होता, गावचा जुना कोतवाल. कोणत्या घरात किती माणसं, हे त्याला तोंडपाठ. तो अंगणात उभा राहून हाक मारी, मास्तर ओट्यावर बसून नावं लिहीत. चहा आला की जानराव म्हणे, आत्ताच पिऊन आलो.

लोकांनीही हातभार लावला. भागवतने पुण्याला कंपनीत असलेले दोन्ही मुलगे लिहायला लावले. वच्छलाबाईंनी बाळंतपणाला आलेली लेक धरली आणि तिचं आठ दिवसांचं बाळही.

"माह्या म्हशीचं नाव चंद्री हाय, मास्तर," भागवत म्हणाला. "तिलेबी घ्या."

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत.

शेवटच्या दिवशी नाल्याच्या काठाशी येऊन त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"कोनी राह्यलं तं नाही ना, मास्तर?" जानरावने विचारलं.

"एकही घर सोडलं नाही. तूच तं होता सोबत."

तेरा माणसं कमी पडली असं कळलं, तेव्हा जानरावने पुन्हा तेच विचारलं. मास्तरांना जरा रागच आला.

पुण्याची मुलं त्यांनी नाइलाजाने लिहिली होती. त्याहून खोटं त्यांच्याने होईना. सभा झाली, पुष्कळ वाद झाला, आणि मागणी मागे घ्यायचं ठरलं. माघारीच्या पत्राला यादी जोडली आणि यादीखाली मास्तरांनी सही केली. साक्षीदार म्हणून जानरावने केली.

तालुक्याच्या कचेरीत मनाली नावाच्या कारकून बाई होत्या. त्यांनी पत्र वाचून शिक्का मारला. आता पुढच्या जनगणनेपर्यंत हे प्रकरण बंद, असं सांगितलं. मास्तरांनी मान हलवली. तेवढी वर्षं आपल्याजवळ नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. जानराव दाराशी उभा होता.

बाई यादी चाळत राहिल्या. शेवटच्या पानावरून पुन्हा पहिल्यावर आल्या.

"साक्षीदार गावचाच लागतो, सर. हे जानराव यादीत कुठे आहेत?"

मास्तरांनी यादी ओढून घेतली. एक पान, दुसरं, तिसरं. त्यांचं बोट एकेका नावावरून सावकाश खाली जात राहिलं.

"सापडनार नाही, म्याडम," जानराव दारातूनच म्हणाला. "नाल्याच्या तिकडे, विहारापाशी, आमची अठरा घरं हायेत. मास्तर तिकडे आलेच नाही."