साचाखात्याची बोली

“आणखी खाली घे,” पंचशील म्हणाला. “आवाज टेबलापर्यंत पोचला म्हणजे पुरे. मागची भिंत तुझी मुलाखत घेणार नाही.”

नंदिनीने तेच हिंदी वाक्य पुन्हा, अधिक हळू म्हटले, “मेरे विचार से, उदारीकरण के दोनों पक्ष देखने होंगे.”

“आता बरोबर.”

“सर, असं बोललं की मलाच वाटतं, माझी तबीयत खराब आहे.”

“समितीला त्याच तबीयतीची माणसं आवडतात.”

इंदूरच्या मिल वस्तीतली मुले मोठ्याने बोलत. कारण त्यांच्या घरी कापड मिलच्या साचाखात्यात, मागांच्या गदारोळात, उमर काढलेले आणि कान गमावलेले बाप असत. विद्यापीठाच्या मार्गदर्शन कक्षात नोकरीला लागल्यापासून पंचशीलने असे पुष्कळ आवाज खाली आणले होते. घराण्यातला पहिला पदवीधर तो. वर्गात आपण तोंड उघडताच सारे बाक मागे वळतात, हे त्याने सोसले होते. समितीला यातले काही ठाऊक नसे, आणि ते ठाऊक करून देणे आपले काम आहे, असे त्याला वाटत नसे. गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या संशोधनाची राखीव जागा ‘योग्य उमेदवार नाही’ अशा शेऱ्यानिशी रिकामी राहिली होती. उमेदवार हुशार होता. समितीतले एक प्राध्यापक चहा घेताना पंचशीलला एवढेच म्हणाले, की मुलगा भांडल्यासारखा बोलतो. यंदा त्या जागेसाठी एकटी नंदिनी होती.

मुलाखतीच्या दिवशी समितीच्या खोलीबाहेर, बाकावर तिचे वडील वाल्मिक बसले होते. मिलला कुलूप लागल्यापासून ते कोणाहीबरोबर कुठेही जायला मोकळे असत. नाव पुकारले गेले, तशी नंदिनी त्यांच्याजवळ वाकून, शिकवल्याबरहुकूम काही पुटपुटली आणि आत गेली.

“काय बोलली?” वाल्मिकांनी विचारले. तो प्रश्न जिन्यापर्यंत घुमला. शिपायाने ओठांवर बोट ठेवले.

“येते, म्हणाली,” पंचशीलने सांगितले.

“तोंड खोलून बोला ना, सरजी. तुम्हीपण तिच्यासारखे ओठ दाबता.”

पंचशीलने पुन्हा सांगितले.

“हां. पहिले तर मला समजायचं तिचं.”

दाराच्या वरच्या भागाला काच होती. वाल्मिक उठून तिच्यासमोर उभे राहिले. साचाखात्यात कानाचा उपयोग नसे. तिथली माणसे आवाज न काढता, ओठ सैल सोडून, जबडा पुरता उघडून बोलत; समोरचा ओठ वाचून समजून घेई. आणि चार माग पलीकडे मारलेली कोपरखळीही ज्याला लागायची त्याला लागे. पंचशीलला ती बोली ठाऊक होती. त्याचे वडील सुधाकर त्याच मिलमध्ये होते. हे त्याने वाल्मिकांना सांगितले नव्हते. विद्यापीठात कोणालाच सांगितले नव्हते.

“काही दिसत नाही,” वाल्मिक काचेतून पाहत म्हणाले. “तोंडात सुपारी धरल्यासारखी बोलते. तीन मास्तर आहेत. एक जण घड्याळ बघतो.”

“इकडे येऊन बसा, बाबा.”

त्यांना ते ऐकू आले नाही.

काही वेळाने त्यांनी एकदम काचेला बोट लावले. “आता दिसलं!”

पंचशीलला पाहावे लागले नाही. बंद दारातून नंदिनीचा आवाज येत होता. दोन महिने त्याने खाली आणलेला तो आवाज पुरताच वर गेला होता. शब्द मात्र दारातच अडत होते. ते वाल्मिक पुरवू लागले.

“मास्तर म्हणतो, मिल तोट्यात होती, बंद होणारच. ती म्हणते, मशीन जुनी होती, कबूल. पण नवी आणायचं काम मजुराचं होतं का? तोटा कापडाचा की कारभाराचा, ते पहिले ठरवा.” ते शिपायाकडे वळले. “अपनीच पोरगी आहे, भिया.”

“समजलं, काका. हळू.”

“घड्याळवाल्याने घड्याळ सोडलं. तिसरा हसला.”

“कसा हसला?” पंचशीलने जवळ जाऊन विचारले.

“ते नाही समजत. दाढी आहे त्याला.”

नंदिनी बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. तिने दार हलकेच लोटून घेतले. समिती निकाल आत्ताच, आतच ठरवणार होती. बापाकडे न पाहता ती पंचशीलसमोर उभी राहिली आणि कुजबुजली, “सर, आवाज चढला ना माझा? गेली ना जागा?”

शिपायाने पुन्हा बोट ओठांवर नेले. पंचशीलजवळ अशा प्रसंगाची उत्तरे तयार असत, आणि ती हळू आवाजातलीच असत. त्याने तोंड उघडले. आवाज काढलाच नाही. ओठ सैल सुटले, जबडा जरा वाकडा होऊन पुरता उघडला, आणि शब्द एकेक करून स्पष्ट आकाराला आले: बरं केलंस.

नंदिनी पाहतच राहिली. वाल्मिक मात्र दोन पावले पुढे आले.

“अरे, तू आमच्या सुधाकरचा का?” ते ओरडले. “तोपण अस्साच बोलायचा, वाकडा जबडा करून! बोलला नाहीस कधी!”

दार उघडले. दाढीवाल्या प्राध्यापकांनी डोके बाहेर काढले. “हमारा निर्णय चल रहा है. कौन चिल्ला रहा है यहाँ?”

शिपायाने वाल्मिकांकडे पाहिले. नंदिनीने खाली पाहिले.

“हम लोग, सर,” पंचशील म्हणाला. आणि त्याचा आवाज खोलीच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचला.