आबांचा जप

हेमराज आबांच्या पापण्या मिटल्या, त्या नेमक्या दाखवायची मुलगी, नूतन, पोह्यांच्या ताटल्या घेऊन बाहेर आली तेव्हा. मिटल्या त्या मिटल्याच.

वत्सलाबाईने उचललेलं बोट तसंच पदराआड लपवलं. सासऱ्याला कंपवात. पापणी एकदा मिटली की उघडायचंच विसरते. भुवईच्या वर बोट दाबलं की उघडते. घरी ती दिवसातून दहा वेळा दाबायची. पण इथे, लोणखेड्यात, मुलीच्या ओट्यावर? तिच्या मुलाची, भावेशची, दोन स्थळं याच आजारापायी मोडली होती. आबांचे थरथरते हात तिने शालीत कोंबले होते. पापण्या कुठे कोंबणार?

बीपी असलं की लोक चारचौघांत गोळ्यांची नावं सांगतात. कंपवात असला की अख्खा माणूस दडवतात. आणि असल्यांनाच गावात शहाणं म्हणतात.

थोरल्याने मुलीचं तोंड पाहून तिच्या हाती नारळ द्यायचा, मगच होकार, अशी भावेशच्या घरची रीत. नारळ मांडीवर तयार. थोरला बंद.

"आबा झोपी ग्यात का?" मुलीच्या आत्याने, बेबीबाईने विचारलं.

"नही वं माय, जप करी ऱ्हायनात," वत्सलाबाईने ठोकून दिलं.

बेबीबाईने डोक्यावर पदर घेऊन हातच जोडले. मुलीचे वडील, भटूदादा, काळा गॉगल लावून खांबाशी बसले होते. डोळे आलेत म्हणून फोनवर आधीच कळवलं होतं. त्यांनीही हात जोडले. आबांकडे नाही, कोपऱ्यातल्या कूलरकडे.

पोहे गार झाले. भावेश घामाने भिजला.

"कसना जप?" आबा एकदम खेकसले. "बोट दाब ना वत्सला! मी वाट दखी ऱ्हायनू ना!"

वत्सलाबाईने नारळ उचलून पिशवीत घातला. तिसरंही गेलं.

नूतनने ताटली खाली ठेवली. आबांसमोर बसली. उजव्या भुवईच्या वर अंगठा टेकवला, मग डाव्या. बरोबर त्याच जागी. पापण्या दुकानाच्या शटरसारख्या वर गेल्या. आबांनी मुलीचं तोंड पाहिलं आणि खुशीत हसले.

"पोरी, तुले हाई कसं ठाऊक?" वत्सलाबाईने विचारलं.

बेबीबाई मागून मान हलवून नको नको म्हणत होती. नूतनने एकदा त्या काळ्या गॉगलकडे पाहिलं.

"आमना दादाले बी रोज सकायले मीच उघाडस."