किल्ल्याचं दार

पुतण्या उत्तमच्या पत्राला मी दोन वर्षं उत्तर दिलं नाही. नोकरीच्या दीपगृहात, दिव्याच्या खोलीत बसून त्याने एकट्याने कॉम्प्युटरवरचा साहसी खेळ रचला होता. पत्रासोबत फ्लॉपी होती. "काका, खेळून बघा आणि गुणदोष कळवा." माझी कादंबरी वीस वर्षं अर्धी पडलेली. त्याच्या खेळातली चित्रं ओबडधोबड निघाली, किल्ल्याचं दार तर उघडेचना, तेव्हा मला बरं वाटलं.

काल नात तो खेळ खेळायला बसली. दाराशी बसलेल्या कोळिणीला तिने टाइप करून वाट विचारली आणि दार उघडलं.

"आजोबा, तुम्ही हिला कधी विचारलंच नाहीत?"

"नाही गं."

आज उत्तमला लिहिलेलं कार्ड टपालपेटीत टाकलं. "चित्रं ओबडधोबड आहेत, खेळ मात्र सुरेख. उत्तम, हातातलं काम तू पुरं कसं केलंस?"