केसभर उजवीकडे

"अजून जरा ओलसर वाटतोय आवाज," गायिकाबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. रेकॉर्डिस्टने समोरचे लाल बटण केसभर उजवीकडे फिरवले. चेहरा असा केला, जणू बाळाच्या डोळ्यातले कुसळ काढतोय.

"आता?"

"आता बरा. पण थोडा टोचतोय."

त्याने बटण केसभर डावीकडे आणले. हसू दाबून दाबून त्याचे गाल दुखायला लागले होते. ते लाल बटण कशालाच जोडलेले नव्हते. आवाजाचा जाड, बारीक, धारदार भाग कमीजास्त करणारी इक्वलायझरची खरी बटणे काळी होती आणि त्याच्या डाव्या हाताशी निमूट बसली होती. लाल बटण त्याने चिकित्सक गिऱ्हाइकांसाठी खास बसवून घेतले होते. ते फिरवले, की भलेभले खूश होत. एका निर्मात्याने तर "हाच तो गोडवा!" म्हणून डोळे पुसले होते.

सकाळीच सगळी वाद्ये जागच्या जागी बसवून झाली होती. राहिला होता फक्त बाईंचा रेकॉर्ड झालेला आवाज. बाईंनी सत्तरी ओलांडली होती आणि आवाजात आता चांगलीच खरखर आली होती. ती कापायची, वर थोडी चकाकी चढवायची, की बाई पुन्हा पस्तिशीच्या! तासाभराचे काम. गाणे पाचच्या आत रेकॉर्ड कंपनीला पाठवायचे होते. बाईंना साडेतीनपर्यंत लाल बटणावर झुलवायचे, गोड बोलून घरी पाठवायचे आणि मग निवांत हात चालवायचा, असा त्याचा बेत होता.

दोन वाजता आल्या आल्या बाईंनी सांगून ठेवले होते, "मागच्या गाण्यात माझ्या नातवानं मला ओळखलं नाही. रेडिओवर गाणं लागलं तर विचारतो, ही कोण बाई गातेय? या खेपेला माझाच आवाज ठेवा बरं का. आता यापुढे कोण बोलावतंय मला?"

"तुमचाच ठेवणार, बाई. दुसऱ्या कुणाचा आणू?" असे म्हणून त्याने नातवाची तक्रार शाबासकी म्हणून खिशात घातली होती.

साडेतीन वाजले. बाई काही हलेनात. उलट खुर्ची ओढून त्याच्या कोपराशी येऊन बसल्या. पहिल्या कडव्यात आवाज शेजारच्या खोलीतून येतोय, म्हणाल्या. तो जवळ आणला, तर दुसऱ्या कडव्यात घशात लोकर अडकल्यासारखी वाटायला लागली. लोकर काढली, तर धृपद कोरडे पडले. मध्येच त्याचा डावा हात काळ्या बटणांकडे सरकला, की बाई लगेच म्हणत, "अहो, ते छान जमत आलं होतं. सोडू नका."

सव्वाचार झाले. पावणेपाच झाले. गंमत आता त्याच्याच अंगाशी यायला लागली होती. पाचला दहा कमी असताना कंपनीच्या माणसाचा फोन आला. पाचनंतर आलेले गाणे घेणार नाही, एवढे बोलून त्याने फोन ठेवला.

"जमलं!" बाईंनी टाळी वाजवली. "आता अगदी माझा आवाज. पाठवून द्या."

"पण बाई, आवाजाला अजून हातच..." त्याने जीभ चावली.

"हातच काय?"

"म्हणजे... शेवटचा हात फिरवायचा राहिलाय."

"मग इतका वेळ काय फिरवत होतात?"

खरे सांगितले असते, तर त्याची पंचवीस वर्षांची पत एका वाक्यात गेली असती. त्याने मुकाट्याने गाणे शेवटचे एकदा वाजवून पाहिले. खरखर होती, कडव्याआधी घेतलेला दमलेला श्वास होता, शेवटच्या ओळीत बारीकसा कंपही होता. ऐकता ऐकता त्याला राग आला, कारण गाणे चांगले झाले होते. त्याने ते जसेच्या तसे पाठवले.

बाईंनी पर्स उचलली. दाराशी जाऊन त्या वळल्या.

"चाळीस वर्षं गातेय मी. असं एक बटण प्रत्येक स्टुडिओत असतंच. कुठं लाल, कुठं पिवळं."

त्याचे कान तापले. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग तीन तास कशाला फिरवायला लावलंत?"

"तेवढा वेळ तुमचे हात खऱ्या बटणांपासून लांब राहिले ना!"